पिवळ्या कार्डाचं कोडं

नंदुरबार किंवा गडचिरोलीत सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराची, तपासणी झाली की वाहकाला पिवळं कार्ड मिळतं, रुग्णाला लाल. इतका छळणारा जनुक पिढ्यान् पिढ्या टिकला कसा, याचं उत्तर मात्र कार्डावर नसतं.

ते शोधलं अँथनी अ‍ॅलिसननं. केनियात वाढलेला, ऑक्सफर्डला डॉक्टरकी शिकलेला हा तरुण १९४९ मध्ये केनियात रक्ताचे नमुने गोळा करत होता. किनारपट्टीला आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी, म्हणजे जिथे हिवताप तिथे, वाहक भरपूर. उंच, थंड मुलखात फारच थोडे. १९५४ मध्ये त्यानं मांडलं: जनुकाची एक प्रत हिवतापापासून वाचवते, दोन आल्या तर आजार.

अ‍ॅलिसनला हे जमलं, कारण डॉक्टर आणि उत्क्रांतीचा अभ्यासक दोघेही त्याच्यातच होते. एरवी ही मंडळी एकमेकांच्या वाटेला क्वचितच जात. मिशिगन विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ रँडॉल्फ नेसी म्हातारपण का येतं याच्या मागे लागले, तेव्हा जॉर्ज विल्यम्स या जीवशास्त्रज्ञाचा १९५७ चा निबंध त्यांच्या हाती लागला. तरुणपणी फायद्याचा जनुक उतारवयात नडत असला तरी निसर्गाच्या निवडीत टिकतो, असं त्यात होतं. पुढे दोघांनी मिळून १९९१ मध्ये ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू ऑफ बायॉलॉजी’त लेख लिहिला आणि उत्क्रांतीच्या नजरेनं आजारांकडे पाहणाऱ्या या विषयाला उभारी आली. जंतुसंसर्गात रक्तातलं लोह उतरतं, तेच घ्या. रिपोर्ट पाहून आपण म्हणणार, कमतरता आहे, गोळी द्या. पण जंतूंनाही लोह लागतं. शरीर ते मुद्दाम दडवून ठेवत असतं.

लेखाला वाचक मिळाले, तरी एकत्र बसायला जागा नव्हती. स्वतंत्र नियतकालिक निघायला २०१३ उजाडलं, आणि या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची पहिली परिषद अ‍ॅरिझोनात टेम्पीला भरली ती २०१५ मध्ये. अ‍ॅलिसननंतर साठ वर्षांनी! उशीरच म्हणायचा.

पुण्यात डॉक्टर आणि उत्क्रांतीवाल्यांची अशी गाठ त्याआधीच पडली होती, तीही परिषदेवाचून. मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा मागोवा घेतला. इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिथलं ३.५. स्नायू कमी, पण वजनाच्या मानानं कातडीखालची चरबी बरीच टिकलेली. पुढे मधुमेहाकडे नेणारी ही ठेवण काटकसरी, म्हणजे उपासमारीसाठी चरबी साठवणाऱ्या, जनुकांचं देणं की आईच्या पोटातल्या ओढाताणीचं, हा वाद मधुमेहवाले आणि उत्क्रांतीवाले आता समोरासमोर बसून घालतात.