घरगुती व्हॅनिला आइस्क्रीम (कोकण)

घरगुती व्हॅनिला आइस्क्रीम : दूध, साय किंवा क्रीम, साखर आणि व्हॅनिलाचा स्वाद यांचे मिश्रण ढवळत ढवळत गोठवून घरी केलेला पदार्थ. कोकण किनाऱ्यावर तो तीन तऱ्हांनी होतो. पहिली जुनी तऱ्हा मीठ-बर्फाच्या पॉटची. दुसरीत मिश्रण फ्रीजमध्ये अर्धवट गोठवतात, बाहेर काढून बीटरने घुसळतात आणि पुन्हा गोठवतात. तिसरी अलीकडची : स्टँड मिक्सरला जोडायच्या गोठणभांड्यात मिश्रण फिरवणे. या नोंदीचा भर तिसरीवर आहे; पण पॉट समजल्याशिवाय गोठणभांडे समजत नाही.

‘मिक्सर’ या शब्दाने इथे घोटाळा होतो. मराठी घरात मिक्सर म्हणजे वाटणाचा, ओले खोबरे आणि मिरची एकजीव करणारा. त्यात आइस्क्रीम होत नाही. स्टँड मिक्सर हे वेगळे यंत्र. खाली भांडे, वर मोटारीचे डोके, त्यातून भांड्यात उतरणारे पाते. काम मुख्यतः कणीक मळण्याचे आणि केकचे मिश्रण फेटण्याचे. किचनएड या नावाने तो १९१९ पासून अमेरिकेत घरगुती वापरासाठी विकला जातो. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांनी हौसेने आणलेला मिक्सर १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट खुपसला, तर आइस्क्रीमआधी मोटार जाते. त्याला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो.

पॉट

पॉट म्हणजे लाकडी किंवा प्लॅस्टिकची बादली, तिच्यात उभा धातूचा डबा, डब्यात पाते आणि वर हँडल. डबा आणि बादली यांच्यामधल्या जागेत फोडलेला बर्फ आणि जाडे मीठ यांचे थर देतात. अशा हाताने फिरवायच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये घेतले. आइस्क्रीम मात्र त्याआधीच मुंबईला पोचले होते. बोस्टनचा तळ्यांतला बर्फ १८३३ मध्ये जहाजाने कलकत्त्याला उतरला, पाठोपाठ मुंबईलाही येऊ लागला. १८३४ मध्ये जमशेटजी जेजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले, आणि त्यानंतर यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली. ‘आइस्क्रीम खाल्लंस ना, आता बस शिंकत’ हे वाक्य मराठी घरात किती जुने असावे, याचा यावरून अंदाज बांधावा.

पॉटमधले सगळे काम मिठाचे. नुसता बर्फ ० अंश सेल्सिअसला वितळतो. साखर विरघळलेले दूध मात्र उणे २.५ ते उणे ३ अंशांच्या आसपास गोठायला सुरुवात करते, म्हणजे नुसत्या बर्फात डबा दिवसभर फिरवला तरी आत थंड दूधच राहील. बर्फावर मीठ पडले की खारे पाणी होते. ते ० अंशाला गोठत नाही, त्यामुळे बर्फ वितळतच राहतो. एक किलो बर्फ वितळायला सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते आणि ती तो जवळच्या डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. वजनाने तीन भाग बर्फाला एक भाग मीठ हे नेहमीचे प्रमाण. मिठाच्या पाण्याची शास्त्रीय मर्यादा उणे २१ अंशांची. घरच्या बादलीत तेवढे होत नाही, पण गरज तेवढी नसतेच.

कोकणात या दोन्ही वस्तूंची वानवा नाही. मीठ मिठागरांचे, शिरोड्याच्या मिठागरांवर तर १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. बर्फ बंदरांचा. मिरकरवाडा, हर्णे, मालवण अशा ठिकाणी मासळीसाठी बर्फ लागतोच, आणि मे महिन्यात चाकरमानी गावी आले की त्याच बर्फाची एखादी लादी गोणपाटात गुंडाळून, भुशात घालून घरी येते. हा बर्फ खाण्याचा नव्हे. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फ निळ्या रंगाचा करण्याचे बंधन आहे. पॉटमध्ये तो डब्याबाहेर असतो म्हणून चालतो. मात्र झाकणाच्या फटीतून खारे पाणी आत शिरले की मेहनत पाण्यात, तीही खाऱ्या पाण्यात. म्हणून बादलीच्या वरच्या भोकाखाली पाण्याची पातळी ठेवतात आणि डबा उघडण्यापूर्वी झाकण पुसून घेतात. हँडल आळीपाळीने फिरवायचे. सुरुवातीला पोरांची झुंबड, मिश्रण घट्ट होऊ लागले की पोरे पसार आणि शेवटची दहा मिनिटे एखाद्या काकांच्या दंडावर.

गोठणभांडे

स्टँड मिक्सरचे गोठणभांडे दुहेरी भिंतींचे असते. दोन भिंतींमध्ये पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठणारा द्रव बंद केलेला असतो. म्हणजे पॉटमधले बर्फ-मीठ इथे भिंतीतच कोंडले आहे. फरक एवढाच की पॉटमध्ये थंडी जागच्या जागी तयार होते, भांड्यात ती आदल्या दिवशी भरून ठेवलेली असते. पॉटमधली थंडी कमी पडली तर आणखी बर्फ-मीठ घालता येते. भांड्याची शिदोरी संपली की संपली. त्याच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

भांडे उणे १५ ते उणे १८ अंशांत किमान १५ तास, शक्यतो पूर्ण दिवस ठेवावे लागते. हलवून पाहावे, आत द्रव डचमळला तर ते तयार नाही. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात हे भांडे सहसा मावत नाही, आणि मावले तरी तो कप्पा इतका थंड असेलच असे नाही. विकत घेण्यापूर्वी कप्पा पट्टीने मोजावा. हा सल्ला विश्वकोशात शोभत नसला तरी उपयोगी आहे.

मिश्रण आदल्या रात्री करतात. अंडे चालणाऱ्या घरात कस्टर्डची पद्धत : अर्धा लिटर म्हशीचे दूध, अर्धा लिटर क्रीम, पावणेदोनशे ग्रॅम साखर, पाच-सहा अंड्यांचे बलक, चिमूटभर मीठ. बलक आणि साखर फेटून त्यावर गरम दूध थोडे थोडे ओततात आणि मंद आचेवर ८२ ते ८४ अंशांपर्यंत नेतात. उलथन्याच्या पाठीवर थर धरू लागला की उतरवतात. त्यापुढे गेले तर बलक फाटतो आणि भुर्जी होते. परदेशी कृतीतले क्रीम ३६ टक्के स्निग्धांशाचे, आपल्या खोक्यातले साधारण २५ टक्क्यांचे. पण तिकडचे दूध गाईचे आणि आपले म्हशीचे, त्यामुळे वरच्या प्रमाणात दुधाचा स्निग्धांश १२ टक्क्यांच्या जवळ येतो. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत साध्या आइस्क्रीमला किमान १० टक्के लागतो, तेव्हा काळजी नको.

अंडे न चालणाऱ्या घरांत दुधात कॉर्नफ्लोअर, जीएमएस आणि चिमूटभर सीएमसी घालून शिजवतात. जीएमएस म्हणजे ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट : पाणी आणि स्निग्धांश यांचा मेळ घालणारे. सीएमसी म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज : ते पाणी धरून ठेवते, म्हणून बर्फाचे स्फटिक वाढत नाहीत. बलकातले लेसिथिन मेळ घालण्याचे काम फुकट करते. बीटरच्या पद्धतीतून या पुड्या आपल्या स्वयंपाकघरांत रुळल्या. गोठणभांड्यात त्या निम्म्या केल्या तरी भागते, आणि सीएमसी जास्त झाले तर आइस्क्रीम चिकट, डिंकासारखे लागते.

मिश्रण ४ अंशांपर्यंत गार झालेले हवे. भांडे मिक्सरवर चढवून, आधी मिक्सर अगदी मंद वेगावर सुरू करून मग मिश्रण ओततात. उलट क्रमाने केले तर भिंतीला लागलेला थर तत्काळ दगड होतो आणि पाते अडकते. पाते भिंतीवरचा गोठता थर सतत खरवडते, त्यामुळे स्फटिक बारीक राहतात. सुमारे ५० मायक्रॉनपेक्षा मोठे झाले की जिभेला खरखर कळते. सोबत थोडी हवाही मिसळते. १.९ लिटरच्या भांड्यात सव्वा लिटरच्या आसपास मिश्रण घालतात ते याचसाठी. २० ते ३० मिनिटांत ते उणे ५ अंशांजवळ येऊन मऊ, घडी पडेल असे होते. मग डब्यात काढून चार-सहा तास फ्रीजरमध्ये. मऊ झाल्यावरही भांड्यात फिरवत राहणे धोक्याचे, विशेषतः मिश्रण कोमट असताना : ताक करताना ज्या घुसळण्याने लोणी येते, त्याच घुसळण्याने इथेही ते येते, आणि व्हॅनिलाच्या गोड लोण्याला घरात कोणी वाली नसतो.

किनाऱ्यावरच्या अडचणी

मे महिन्यात किनाऱ्यावर पारा ३२-३३ अंशांवर असतो आणि हवा ओलीकच्च. फ्रीजरमधून काढलेल्या भांड्यावर पाहता पाहता पांढरे दव धरते. ते दिसायला छान, पण हवेतल्या वाफेने भांड्याची शिदोरी खाल्ल्याची ती खूण. म्हणून भांडे अगदी शेवटच्या क्षणी काढतात, आणि शक्य तर पहाटे फिरवतात. धुतल्यावर ते पूर्ण सुकल्याशिवाय फ्रीजरमध्ये ठेवत नाहीत, नाहीतर आतून बर्फाचा थर बसतो. गोठलेले भांडे गरम पाण्याखाली धरणे तर भिंतीला तडे पाडून घेणे.

दुसरी अडचण खास कोकणी. ज्या फ्रीजरमध्ये भांडे ठेवायचे, तिथेच सुरमईचे तुकडे आणि कोलंबी असते. स्निग्धांश वास पटकन धरतो. आंबा किंवा फणस हा वास थोडाफार झाकून नेईल, व्हॅनिला नाही. मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात आणि भांड्याचे तोंड पिशवीने बांधून, हा साधा उपाय. पावसाळ्यापूर्वी घरात सुका बोंबील असेल तर तो फ्रीजच्या आसपासही नको.

तिसरी अडचण विजेची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात खांब आडवे केले, तेव्हा कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. ते टोकाचे उदाहरण. पण वळवाच्या संध्याकाळी चार तास वीज जाणे नित्याचे आहे, आणि चौदा तास गोठलेले भांडे त्या चार तासांत पुन्हा डचमळू लागते. माळ्यावरचा पॉट अशा वेळी खाली उतरतो. त्याला लादी पुरते.

व्हॅनिला

व्हॅनिला हा मूळचा मेक्सिकोचा वेल, ऑर्किडच्या कुळातला. फूल एकच दिवस उमलते. ते हाताने फलित करण्याची सोपी युक्ती १८४१ मध्ये रीयुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने दाखवून दिली आणि मेक्सिकोबाहेर व्हॅनिलाची शेती शक्य झाली. हिरव्या शेंगेला वास नसतो. गरम पाण्यातून काढून, घाम आणून, महिनोन्‌महिने वाळवल्यावर ती काळी आणि सुगंधी होते. बाजारातल्या छोट्या बाटलीतले इसेन्स बहुधा कृत्रिम व्हॅनिलिनचे असते. व्हॅनिलिन प्रयोगशाळेत प्रथम १८७४ मध्ये तयार झाले. शेंग चिरून दुधात उकळायची आणि दाणे खरवडून त्यातच सोडायचे. इसेन्स मात्र दूध गार झाल्यावर, कारण गरम दुधातून त्याचा वास उडून जातो. सुपारीच्या बागेतली सावली आणि ओल या वेलाला मानवते, पण प्रत्येक फूल सकाळी हाताने फलित करायचे म्हणजे माणूस हवा, आणि कोकणातल्या बागांत नेमका त्याचाच तुटवडा.

मराठीत ‘साधं व्हॅनिला’ म्हणतात, जणू त्यात काही घातलेलेच नाही. खरे तर दूध तळाला थोडे लागले असेल, साखर कमी पडली असेल, स्फटिक मोठे झाले असतील, तर ते याच आइस्क्रीममध्ये आधी कळते.

स्थानिक रूपे

याच मिश्रणात हापूसचा रस घालून आंब्याचे करतात. रस आधी आटवून घेतला तर पाणी कमी होते आणि जिभेला बर्फ लागत नाही. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण आइस्क्रीमसाठी डाग पडलेला, पेटीत न बसणारा आंबाच वापरतात आणि त्यात काही बिघडत नाही. बरक्या फणसाचा रसाळ गर चाळणीतून गाळून घालतात. काप्या, म्हणजे कडक गऱ्यांच्या फणसाचे तुकडे गोठून रबरासारखे होतात. शेवया किंवा खापरोळीसाठी काढतात तसा नारळाचा घट्ट रस दुधाऐवजी घेतला तर भांड्यात छान मऊ आइस्क्रीम उतरते, मात्र नारळाचे तेल थंडीत लवकर घट्ट होत असल्याने ते दहा मिनिटे आधी बाहेर काढून ठेवावे लागते. त्यात दुधाचा स्निग्धांश नसल्यामुळे कायद्याच्या भाषेत ते आइस्क्रीम नव्हेच. घरी वाढताना हे कोणी सांगत नाही.