'फुल व्हर्जन' : बेळगावकडच्या मास्टरिंगची पार्श्वभूमी

कॅसेटच्या काळात भजनी मंडळाच्या टेपचा 'मास्टर' म्हणजे पहिली प्रत, तिच्यावरून पुढच्या काढायच्या. गाण्याचा आवाज शेवटी बांधून घेणं या अर्थाचं मास्टरिंग बेळगाव, निपाणी, खानापूरच्या छोट्या स्टुडिओंत आलं ते कॉम्प्युटरबरोबर. एल-१ हा लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर न जाऊ देणारा) १९९४ चा, व्हीएसटी ही प्लगइनची, म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमची, पद्धत १९९६ ची, ओझोन हे मास्टरिंगचं प्लगइन २००१ चं. इक्यूपासून (बास-ट्रेबल कमीजास्त करणं) लिमिटरपर्यंत सगळं ओझोनच्या एका खिडकीत मिळालं. किंमत मात्र डॉलरमध्ये. मग विंडोज टाकून देणाराच 'फुल व्हर्जन', म्हणजे परवाना न घेता चालणारी बेकायदा प्रत, टाकून देऊ लागला.

घोळ या शब्दातच आहे. डेमो मध्येच आवाज गायब करतो किंवा सेव्ह करू देत नाही. तसं न करणारं ते 'फुल', एवढाच अर्थ. पण आत तीन वेगळे प्रकार असतात. कीजेनमध्ये (खोटा परवाना-नंबर काढून देणारं) प्रोग्रॅम मूळचाच, नंबर खोटा; हे बरंच टिकतं, ऑनलाइन तपासणी आली की बसतं. पॅचमध्ये तपासणीचा कोडच उडवतात. एखादी तपासणी निसटली की ऐन एक्सपोर्टला प्रोग्रॅम बंद पडतो, किंवा उघडलेल्या प्रोजेक्टमधलं सेटिंग गेलेलं असतं. तिसरा प्रकार डोंगलची, म्हणजे परवान्यासाठी कॉम्प्युटरला लावायच्या किल्लीची, नक्कल करणारा ड्रायव्हर. विंडोज बदललं की तो गेला. यातलं बरंच काही टाकताना 'अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना असते, आणि व्हायरसला तेवढं दार पुरतं.

'टाकणारा अडकेल, आमचं काय?' हा समज तर साफ चुकीचा. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब वापरणाऱ्यासाठीच आहे: बेकायदा प्रत माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. पैसे घेऊन गाणी करणाऱ्या स्टुडिओला ती सवलत कुठली? कॉपी रोखणारं कुलूप तोडण्याबद्दलचं कलम ६५अ वेगळं, ते २०१२ च्या दुरुस्तीत आलं.

कंपन्याही साळसूद नाहीत. मार्च २०२३ मध्ये एका बड्या प्लगइन कंपनीनं कायमचे परवाने विकणं थांबवून नुसती वर्गणी ठेवली. ओरड झाल्यावर काही दिवसांतच माघार घेतली. उलट रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघता येतं, आणि वर्षाची उलाढाल २०,००० डॉलरच्या आत असेल तर परवाना ६० डॉलरला मिळतो.

स्ट्रीमिंगवर जोरात बांधण्याचा फायदा फारसा उरला नाही. स्पॉटिफाय प्रत्येक गाणं साधारण −१४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणतं. −७ चं गाणं ७ डीबीनं खाली येतं, चिरडलेला ढोल मात्र चिरडलेलाच राहतो. एमपी३ करताना आवाजाची शिखरं वर जातात, म्हणून ट्रू पीक, म्हणजे सगळ्यात उंच खरं शिखर, −१ डीबीवर ठेवायचं. पण गणपतीच्या मिरवणुकीत गाणं पेनड्राइव्हवरून वाजतं. तिथं कुणी खाली आणत नाही. −१४ च्या गाण्यामागून −६ चं लागलं की ८ डीबीची उडी ऑपरेटरनंच फेडरवर (आवाजाच्या सरकत्या बटणावर) धरायची.