केसपेपरवरचा एक रकाना

समजा, आषाढातली रात्र आहे. देवगडकडच्या एखाद्या वाडीतून एक तरुण रिक्षाने ग्रामीण रुग्णालयात येतो. ओटीपोटात उजवीकडे सणसणून दुखतंय. दाढी आहे, आवाज घोगरा आहे. केसपेपरवर 'पु' लिहिलं जातं. डॉक्टरांच्या मनात आधी अपेंडिक्स येतं, आणि ते बरोबरच आहे. पण हा तरुण ट्रान्स पुरुष असेल, म्हणजे जन्मल्यावर त्याची नोंद मुलगी अशी झाली असेल आणि गर्भाशय, बीजांडकोश अजून शरीरात असतील, तर आणखी दोन शक्यता तपासायला हव्यात: बीजांडकोशाला पडलेला पीळ आणि गर्भनलिकेत राहिलेला गर्भ. ती नलिका फुटली तर पोटातल्या पोटात रक्तस्राव होऊन काही तासांत जीव जाऊ शकतो. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या इंजेक्शनांनी पाळी बहुधा थांबते, पण म्हणून गर्भ राहणारच नाही असं नाही.

असं घडलेलं आहे. 2019 मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने पोटदुखी घेऊन आलेल्या 32 वर्षांच्या पुरुषाची हकीकत छापली. आपण ट्रान्स आहोत आणि घरी केलेली गर्भचाचणी पॉझिटिव्ह आली, हे त्याने सांगितलंही होतं. तरी नोंदीत पुरुष, त्यामुळे केस तातडीची धरली गेली नाही. बाळ मृत जन्मलं.

एका रकान्यात आपण दोन वेगळे प्रश्न कोंबतो. तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, हा एक. शरीरात कोणते अवयव आहेत, हा दुसरा. नॉनबायनरी, म्हणजे स्त्री किंवा पुरुष या कोणत्याच चौकटीत न बसणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तर चेहऱ्यावरून अंदाज बांधणं व्यर्थच. कुणी फक्त छातीची शस्त्रक्रिया केलेली असते, कुणी हार्मोन घेतलेलेच नसतात.



रक्ताचा रिपोर्टही याच रकान्यावर चालतो. हिमोग्लोबिन पुरुषांत 13 च्या आणि बायकांत 12 च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. टेस्टोस्टेरॉन ते वाढवतं. वर्षभर टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाचं हिमोग्लोबिन 12.4 आलं आणि आधारकार्डावर 'स्त्री' असेल, तर लॅब 'नॉर्मल' छापेल. प्रत्यक्षात त्याचं रक्त कुठेतरी जात असू शकतं, आणि हे ऑपरेशनच्या टेबलावर घेण्याआधी कळायला हवं.

ट्रान्स बायकांच्या, म्हणजे जन्मल्यावर मुलगा अशी नोंद झालेल्या बायकांच्या बाबतीत भूलतज्ज्ञाला इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची माहिती हवी. त्याने रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, गोळ्यांनी जास्त, त्वचेवरच्या पॅचने कमी. पूर्वी शस्त्रक्रियेआधी काही आठवडे हार्मोन सरसकट बंद करायला सांगत. आता प्रत्येकाचा धोका पाहून ठरवण्याकडे कल आहे. आवाजाची किंवा गळ्याच्या घाटीची शस्त्रक्रिया झाली असेल तर श्वासनलिकेत बारीक नळी लागू शकते. योनी घडवली तरी प्रोस्टेट आत राहतो, म्हणून उतारवयात लघवी तुंबली तर त्याचाही विचार करावा लागतो. आणि ज्यांचं 'निर्वाण', म्हणजे हिजडा समाजातलं लिंग-वृषण काढणं, दाईच्या हातून झालं, त्यांचा मूत्रमार्ग आवळलेला असू शकतो. तिथे कॅथेटर जोराने ढकलणं म्हणजे नवी जखम.

2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम 15 ने लिंगपुष्टी शस्त्रक्रिया आणि समुपदेशनाची जबाबदारी सरकारवर टाकली. कोकणातला माणूस मात्र त्यासाठी बहुधा मुंबई गाठतो, आणि खरं काम परतल्यावर सुरू होतं. नवी योनी आकसू नये म्हणून पहिले काही महिने दिवसातून अनेकदा डायलेटर, म्हणजे योनीमार्ग ताणून ठेवणारी कांडी, वापरावा लागतो. चाळीतल्या किंवा माजघर असलेल्या जुन्या घरात त्यासाठी कडी लावता येणारी खोलीही नसते. लघवी अडली, टाका उसवला, तर समोर असतो तालुक्याचा डॉक्टर, ज्याने अशी शस्त्रक्रिया कधी पाहिलेली नाही. त्याला पुढे गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात रेफर करायचं तरी नेमकं काय झालंय ते लिहावं लागेलच. त्यामुळे मुंबईहून निघताना डिस्चार्ज कार्डावर थांबू नये. मूत्रमार्ग कुठे आणला, काय काढलं, काय ठेवलं हे लिहिलेली ऑपरेशनची टिपणं मागून घ्यावीत, आणि त्यांची एक झेरॉक्स पावसात भिजणार नाही अशा पिशवीत रेशनकार्डाशेजारी ठेवावी.