ग्वानाहानी

बहामा द्वीपसमूहातील एक बेट. क्रिस्तोफर कोलंबस पहिल्या सफरीत १२ ऑक्टोबर १४९२ रोजी (ज्यूलियन कालगणनेनुसार) अटलांटिकपलीकडील ज्या भूमीवर प्रथम उतरला, तिचे तेथील लुकायन रहिवाशांमध्ये रूढ असलेले हे नाव होय. कोलंबसाने तिला सान साल्व्हादोर असे नाव दिले. ग्वानाहानी म्हणजे आजचे नेमके कोणते बेट, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, तथापि बहुतेकांचा कल पूर्वी वॉटलिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेटाकडे (सुमारे २४° उ. अक्षांश; क्षेत्रफळ सुमारे १६३ चौ. किमी.) आहे.

या भेटीचा मुख्य आधार म्हणजे कोलंबसाची रोजनिशी. मूळ रोजनिशी व तिची नक्कल या दोन्ही नष्ट झाल्या असून आज उपलब्ध आहे तो बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरू व इतिहासकाराने बहुधा १५३० च्या दशकात केलेला गोषवारा. त्यात काही उतारे कोलंबसाच्या शब्दांत, तर बाकीचा मजकूर तृतीयपुरुषी आहे. मार्तीन फेर्नांदेस दे नाव्हारेते या स्पॅनिश इतिहासकाराने हा गोषवारा १८२५ मध्ये प्रसिद्ध केला. बेटाच्या ओळखीसंबंधीची चर्चा मुख्यतः या एका, तेही दुय्यम, साधनावर उभी आहे.

रोजनिशीनुसार कोलंबस, मार्तीन आलोन्सो पिन्सोन व व्हिसेंते यान्येस पिन्सोन (इतर दोन जहाजांचे कप्तान) हे निशाणे घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि लेखनिकाच्या साक्षीने बेटाचा ताबा घेतल्याचे जाहीर करण्यात आले. स्पॅनिशांनी तांबड्या टोप्या, काचमणी व घुंगरू दिले. रहिवाशांनी पोपट, सुताचे गुंडे आणि भाले आणले. त्यांना लोखंड ठाऊक नव्हते. दाखविलेल्या तलवारी त्यांनी पात्याकडून धरल्याने त्यांचे हात कापले. एका अखंड बुंध्याच्या होड्यांतून, मोठ्या होडीत चाळीस-पंचेचाळीस याप्रमाणे, लोक जहाजांकडे येत. नाकातील सोन्याचे तुकडे पाहून कोलंबसाने सोने कोठे मिळते याची विचारपूस केली. १४ ऑक्टोबरच्या नोंदीत पन्नास माणसांच्या बळावर या सर्वांना अंकित ठेवता येईल, असे तो लिहितो. राजदरबारात नेण्यासाठी व भाषा शिकविण्यासाठी त्याने सात जणांना जहाजावर घेतले. पैकी काहींनी लगेचच समुद्रात उड्या टाकून सुटका करून घेतली. दिएगो या नावाने पुढे दुभाषी झालेला तरुण याच बेटावरचा होता, असे लास कासास सांगतो. मोहिमेबरोबर असलेल्या लुईस दे तोर्रेस याला हिब्रू, खाल्डियन व थोडी अरबी येत असे, आणि येथे यांपैकी कोणतीच भाषा कामाची नव्हती. सर्व संवाद खुणांनी झालेला असल्यामुळे, रहिवासी आपल्याला स्वर्गातून आलेले समजले हे कोलंबसाचे विधान सावधपणेच स्वीकारले पाहिजे.

स्थाननिश्चितीचा वाद : रोजनिशीत बेट बरेच मोठे, अगदी सपाट, हिरव्या झाडांचे, मुबलक पाण्याचे, मध्यभागी मोठे सरोवर असलेले व सभोवार खडकांची रांग असलेले असे वर्णिले आहे. नाव्हारेतेने ग्रँड टर्क, वॉशिंग्टन अर्व्हिंगने (१८२८) कॅट, व्हार्नहागेनने (१८६४) मायाग्वाना, तर गस्टाव्हस फॉक्सने (१८८२) समाना के हे बेट सुचविले. कॅट बेटावर बहामातील सर्वांत उंच टेकडी (सुमारे ६३ मी.) असल्याने ते मत मागे पडले. वॉटलिंगचा पक्ष मुन्योस याने १७९३ मध्ये मांडला व सॅम्युएल मॉरिसनने १९४२ मध्ये तो दृढ केला. बेटाच्या अंतर्भागातील विस्तीर्ण सरोवरे या मताला पोषक आहेत. अडचण पुढील मार्गाची आहे : ग्वानाहानी सोडताच असंख्य बेटे दिसली, असे रोजनिशी म्हणते, तसे वॉटलिंगजवळ घडत नाही, शिवाय दुसऱ्या बेटाची दिलेली मापे (पाच व दहा लीग; लीग हे अंतराचे जुने एकक) जवळच्या रम के या लहान बेटाला लागू पडत नाहीत. मॉरिसनने किनाऱ्यालगतची लीग आखूड मानून हा पेच सोडविला, पण ते स्पष्टीकरण सर्वांना पटलेले नाही. १९८६ मध्ये नॅशनल जिओग्राफिक नियतकालिकाने समाना केचा पक्ष पुन्हा उचलून धरला. मात्र १९८७ मध्ये अमेरिकेतील वुड्स होल सागरविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी वारे व सागरी प्रवाह धरून केलेल्या गणिताने सफरीचा शेवट वॉटलिंगच्या नजीक दाखविला. तसेच याच बेटावरील लाँग बे येथील उत्खननात (१९८३ पासून) लुकायन अवशेषांबरोबर स्पॅनिश काचमणी, बकले व कास्तीलच्या चौथा एन्रिके या राजाचे ब्लांका हे हलक्या किमतीचे नाणे मिळाले. सोळा सुतगुंड्यांच्या बदल्यात एका ब्लांकाएवढ्या किमतीची पोर्तुगीज नाणी दिल्याची नोंद रोजनिशीत आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. अशा वस्तू बेटाबेटांमध्ये हातोहात फिरत असल्याने हा पुरावा निर्णायक नाही, परंतु इतर कोणत्याही दावेदार बेटापेक्षा वॉटलिंगची बाजू त्याने बळकट झाली आहे.

लुकायन हे आरावाक भाषाकुलातील, ताइनोंशी (कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांशी) निकटचे लोक होते. त्यांच्याविषयीची माहिती मुख्यतः उत्खननातूनच मिळते. १५०९ च्या सुमारास स्पेनच्या फेर्नांदो राजाच्या संमतीनंतर त्यांना हिस्पान्योलाच्या (आजचे हैती व डॉमिनिकन प्रजासत्ताक असलेल्या बेटाच्या) खाणींत व पुढे व्हेनेझुएलाजवळील कुबाग्वा बेटाच्या समुद्रातून मोती काढण्यासाठी गुलाम म्हणून नेण्यात आले. १५२० च्या सुमारास द्वीपसमूह जवळजवळ निर्मनुष्य झाला, आणि बेटांची जुनी नावे जागेवर सांगू शकणारे कोणी उरले नाही. १६४८ च्या सुमारास इंग्रज वसाहतवाले इलुथेरा बेटावर आले. पुढील नकाशांत सान साल्व्हादोर हे नाव बराच काळ कॅट बेटाला दिलेले आढळते. बहामाच्या विधिमंडळाने ते १९२६ मध्ये वॉटलिंगला बहाल केले.