ओला कचरा (घरगुती)

घरात रोज तयार होणारा आणि थोड्या काळात कुजून जाणारा कचरा. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, खरकटे, शिळे अन्न, अंड्याची टरफले, मासळीचे काटे, पूजेची फुले, कुंड्यांतला पालापाचोळा हे त्याचे मुख्य घटक. ‘ओला’ हा शब्द सोयीचा आहे, पण फसवा. भिजलेली प्लॅस्टिकची पिशवी ओल्या कचऱ्यात येत नाही आणि कडक वाळलेली भाकरी सुक्यात जात नाही. कसोटी ओलाव्याची नसून कुजण्याची आहे. तीही पुरेशी नाही. करवंटी, शहाळे, आंब्याची कोय आणि मोठी हाडे कुजतात खरी, पण त्यांना लागणारा काळ खतखड्ड्याच्या वेळापत्रकात बसत नाही. शिवाय कचरा बारीक करणाऱ्या यंत्राची पाती त्यांच्यामुळे अडकतात. म्हणून बहुतेक ठिकाणी ही मंडळी वेगळी द्यावी लागतात.

चार माणसांच्या घरात हा कचरा दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण किलो निघतो. थंडीत मटारची टरफले, उन्हाळ्यात आंब्याच्या साली-कोयी आणि पावसाळ्यात मक्याच्या कणसांची सोलपटे यांमुळे तो वाढतो. त्याच्या वजनाचा सत्तर ते ऐंशी टक्के भाग नुसते पाणी असते. वाहून नेण्याचा खर्च, वास, गळती आणि खत करताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या पाण्यातूनच निघतात.

नियम

अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेनंतर केंद्र सरकारने २००० साली नागरी घनकचऱ्याचे पहिले नियम केले. त्यांची जबाबदारी मुख्यतः नगरपालिकांवर होती. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ती घरापर्यंत आणली. कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करायचे, असे त्यांत सांगितले. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. सर्व प्रकार मिळून दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारे ‘मोठे कचरा उत्पादक’ ठरले. सोसायट्यांच्या बैठकीत यावरून हमखास वाद होतो. १०० किलोची मर्यादा फक्त ओल्या कचऱ्याची आहे, असे समजून लोक ‘आपण त्यात बसत नाही’ म्हणतात. एकूण कचरा धरला तर शंभरेक सदनिकांची सोसायटी सहज त्यात बसते. मुंबई महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून १०० किलोपेक्षा जास्त कचऱ्याच्या किंवा २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांचा ओला कचरा उचलणे थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा हा हिशेब अनेकांनी पहिल्यांदा केला.

पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा आणि पावसाचे पाणी साठवणे यांपैकी एक प्रकल्प असल्यास मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असल्यास १० टक्के सवलत देते. प्रकल्प चालू असणे ही अट आहे. बांधकाम परवानगीपुरता बांधलेला आणि पुढे जुन्या सायकली ठेवण्याच्या कामी आलेला खतखड्डा शहरात दुर्मिळ नाही.

पुण्यातील संकलन

महाराष्ट्रात घंटागाडी सर्वत्र दिसते. पुण्याची पद्धत मात्र वेगळी आहे, आणि ती कचरावेचकांच्या संघटनेतून आली. कचराकुंडीत कागद, काच, पत्रा शोधणाऱ्या बायका प्रामुख्याने दलित समाजातल्या. त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. त्यातून झालेल्या ‘स्वच्छ’ या वेचकांच्याच मालकीच्या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला आणि कुंडीत उतरणारी बाई दारात येऊ लागली. आज संस्थेच्या सदस्यांची संख्या तीन हजारांवर आहे.

या व्यवस्थेचा पाया आर्थिक आहे. वेचकाला दर घरामागे महिन्याचे शुल्क मिळते आणि सुक्या कचऱ्यातले भंगार विकून आलेले पैसे त्याचेच असतात. म्हणून मिसळलेला कचरा हा केवळ नियमभंग राहत नाही. आमटीने भिजलेली रद्दी भंगारवाला घेत नाही, आणि घेतली तर वजनात कापून घेतो. एका घराने एकाच डब्यात सगळे टाकले की तेवढ्यापुरती वेचकाची कमाई बुडते आणि हात खरकट्यात घालून निवडण्याचे काम वाढते ते वेगळेच. दंडाच्या पावतीपेक्षा हे कारण घराघरांत जास्त पटते, असे दिसते.

वेचक ढकलगाडीवरून दोन प्रकारचा कचरा वेगवेगळा ‘फीडर पॉइंट’पर्यंत आणतात. तिथे सुका पुन्हा निवडला जातो, तर ओला महापालिकेच्या गाडीत रिकामा होतो आणि हस्तांतरण केंद्रावरून प्रक्रियेला जातो. साखळीतली कच्ची कडी नेमकी इथे आहे. गाडी उशिरा आली किंवा एकच आली, तर वेगळा केलेला कचरा तिच्यात पुन्हा एकत्र होतो. ‘आम्ही वेगळा करून उपयोग काय, पुढे सगळे एकच होते’ ही तक्रार बहुधा अशाच सकाळी जन्म घेते. ती दरवेळी खोटी नसते. अशा वेळी आरोग्य कोठीवरच्या, म्हणजे महापालिकेच्या स्थानिक सफाई कार्यालयातल्या, मुकादमाला किंवा आरोग्य निरीक्षकाला गाडीचा क्रमांक व वेळ कळवणे हाच उपयोगी मार्ग. ‘गाडीत सगळे मिसळतात’ अशा मोघम तक्रारीवर काही होत नाही.

मिसळलेला कचरा कुठे जात होता, हे पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांना सांगावे लागत नाही. शहराचा कचरा अनेक वर्षे तिथल्या डेपोत उघड्यावर पडत राहिला. विहिरींचे पाणी खराब झाले, डेपोला आगी लागल्या आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या की शहरात ढीग साचू लागले. कचऱ्याच्या ढिगात हवा न पोहोचता अन्न कुजले की मिथेन हा पेटणारा वायू तयार होतो. डेपोच्या आगी विझायला दिवस लागतात, त्याचे हे एक मोठे कारण. कचरा जिथे तयार होतो तिथेच जिरवण्याचा आग्रह पुण्यात धरला गेला, त्यामागे या आंदोलनांचा दाब होता.

डब्यातले बारकावे

ओल्या कचऱ्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा डबा ही पद्धत आता रूढ आहे. डब्यात प्लॅस्टिकची पिशवी लावू नये. तळाशी वर्तमानपत्राची दुहेरी घडी पुरते आणि ती कचऱ्याबरोबर कुजते. ‘बायोडिग्रेडेबल’ असे नुसते छापलेल्या पिशव्यांवर विसंबू नये. खरी कुजणारी पिशवी आयएस १७०८८ या मानकाप्रमाणे प्रमाणित असते, तरीही तिला मोठ्या ढिगातली उष्णता लागते. घरातल्या बादलीत ती महिनोन्‌महिने तशीच राहते.

वेगळा केलेला ओला कचराही बहुतेक वेळा एका क्षुल्लक वस्तूमुळे बिघडतो, ती म्हणजे दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. कात्रीने उडवलेला तो नखाएवढा त्रिकोण ओट्यावर पडतो आणि चहाच्या चोथ्याबरोबर डब्यात जातो. पिशवी सुक्यात नीट जाते, कोपरा ओल्यात. तो चाळणीतून निसटतो, खतात मिसळतो आणि वाफ्यात वर्षानुवर्षे दिसत राहतो. उपाय साधा आहे. कोपरा पूर्ण तोडायचा नाही, चीर देऊन लटकता ठेवायचा. कोथिंबिरीच्या जुडीचा रबर, सफरचंदावरचा स्टिकर, टी-बॅगची पिन आणि हाराचा दोरा ही त्याचीच भावंडे.

आमटी, ताक, रस्सा यांचा पातळ भाग डब्यात ओतू नये. गाळून घट्ट भाग टाकावा. वापरलेले तेल ना डब्यात, ना मोरीत. ते बाटलीत साठवून वेगळे द्यावे. सॅनिटरी पॅड आणि डायपर ओल्याही नाहीत आणि सुक्याही नाहीत. ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून स्वतंत्र द्यायचे, म्हणजे निवडणाऱ्याला पुडके उघडून पाहावे लागत नाही.

निर्माल्याचा प्रश्न निराळा. शास्त्रीयदृष्ट्या तो उत्तम ओला कचरा, पण देवाची फुले खरकट्यात टाकणे लोकांना रुचत नाही आणि त्यांनी रुचवून घ्यावे असा हट्ट धरण्यात अर्थही नाही. गणेशोत्सवात विसर्जन घाटांवर निर्माल्य कलश ठेवतात, ते यामुळेच. त्यात येणारे थर्माकोलचे तुकडे, जरीचे हार आणि कापूर-उदबत्तीच्या पुड्या काढल्या की दूर्वा-फुलांचे खत लवकर होते.

घरी खत करणे

२० लिटरची झाकणाची बादली, तिच्या बाजूंना आणि तळाला सळईने पाडलेली बोटभर भोके, खाली पाणी झेलायला ताट, एवढे साहित्य चार माणसांच्या घराला सुरुवातीला पुरते. तळाशी दोन-तीन इंच सुकी पाने किंवा नारळाचा काथ्या घालावा. मग रोजचा कचरा बारीक करून टाकावा आणि त्यावर तितक्याच आकारमानाचा कोरडा माल पसरावा. हा कोरडा माल म्हणजे लाकडाचा भुसा, कोकोपीट किंवा चुरडलेली पाने. रंगवलेल्या लाकडाचा किंवा प्लायवुडचा भुसा घेऊ नये. विरजण म्हणून मूठभर जुने खत किंवा वाटीभर आंबट ताक चालते. तीन-चार दिवसांनी काठीने तळापर्यंत हलवावे. बादली भरायला तीन-चार आठवडे लागतात. भरली की दुसरी सुरू करायची आणि पहिली दीड-दोन महिने तशीच ठेवायची.

ओलावा पाहायची खूण म्हणजे मूठ. मधला माल मुठीत घेऊन घट्ट दाबावा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला तर बरोबर, धार लागली तर भुसा कमी पडला आहे, आणि मूठ उघडताच माल विस्कटला तर पाणी शिंपडावे.

वासावरूनही दोष ओळखता येतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा पोहोचत नाही: उकरून भुसा मिसळावा. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला तर हिरवा माल, डाळी किंवा खरकटे जास्त आणि कार्बन कमी आहे: सुकी पाने घालावीत. कर्ब-नत्राचे (कार्बन-नायट्रोजनचे) प्रमाण २५ ते ३० ला एक राहिले की हा वास येत नाही, पण ते मोजत बसायची गरज नाही, पानांचा थर चुकवला नाही की झाले. जाड, करड्या अळ्या दिसल्या की लोक घाबरून सगळी बादली फेकून देतात. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा झपाट्याने खातात आणि माणसाला त्रास देत नाहीत. नकोच असतील तर वर भुशाचा जाड थर द्यावा. मांस-मासे घरच्या बादलीत टाळलेले बरे, कारण वासाने उंदीर-मांजरे येतात. लिंबू-मोसंबीच्या साली थोड्या चालतात.

खत तयार झाल्यावर काळपट दिसते, थंड लागते आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. खात्री करायची तर ओली मूठ पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवावी. उघडल्यावर घाण वास आला तर ते अजून कच्चे आहे. कच्चे खत कुंडीत घातले तर मुळे जळतात. मातीच्या तीन-चार भागांत पक्क्या खताचा एक भाग मिसळावा.

सोसायटीचे प्रकल्प

विटांच्या जाळीदार टाक्या ही अजूनही सर्वांत भरवशाची पद्धत. कमीत कमी तीन टाक्या असाव्यात: एक भरायची, दुसरी मुरायची, तिसरी काढायची. नीट चाललेल्या टाकीच्या पोटात तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि त्यात तणांचे बी व रोगजंतू मरतात. पावसाळ्यात टाक्यांवर पत्रा नसेल तर जूनमध्येच सगळे बिघडते.

‘चोवीस तासांत खत’ अशी जाहिरात असलेल्या विजेच्या यंत्रांबाबत सावध राहावे. त्यांतली बरीच अन्न तापवून वाळवतात. बाहेर पडणारी तपकिरी पूड खतासारखी दिसते, पण ती वाळलेले अन्नच असते. कुंडीत पाणी पडताच ती पुन्हा कुजू लागते, तिच्यावर बुरशी चढते आणि विजेचे बिल निराळे. वर सांगितलेली बंद पिशवीची परीक्षा विक्रेत्यासमोरच घ्यावी.

यंत्र असो वा टाकी, प्रकल्प बंद पडतो तो बहुतेक वेळा माणसामुळे. सांभाळणारा सफाई कामगार सोडून जातो, नव्याला कुणी शिकवत नाही, भुशाचे पोते संपलेले असते आणि आठवड्याभरात तळमजल्यावरचे रहिवासी वासाची तक्रार करतात. भुसा तीन महिन्यांचा भरून ठेवणे आणि दोन माणसांना काम शिकवणे, ही तरतूद यंत्राच्या किमतीपुढे नगण्य आहे.

बायोगॅस

भात, पोळी, बटाटा असे पिठूळ अन्न खतापेक्षा गॅसला जास्त मानवते. हॉटेलांचा कचरा म्हणूनच बायोगॅसकडे वळवतात. पुण्यातील ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्यांपासून घरगुती संयंत्र तयार केले आणि त्याला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. मोठ्या प्रमाणावर इंदूरचा २०२२ मध्ये सुरू झालेला, रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प आणि गोव्यातला साळगावचा प्रकल्प ही चालू उदाहरणे. दोन्हीकडे येणारा माल किती स्वच्छ आहे, यावर गॅसचे उत्पादन ठरते.

संयंत्र सुरू करताना शेणाची रबडी भरून दोन-तीन आठवडे थांबावे आणि मगच अन्न थोडे थोडे वाढवावे. लग्नसराईत किंवा सणाला उरलेले सगळे एकदम ढकलले की आतले द्रावण आंबते. सामू (पीएच) साडेसहाच्या खाली गेला की गॅस येतो, पण जळत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. अशा वेळी चार-पाच दिवस काही घालू नये, थोडी चुन्याची निवळी सोडावी आणि एक बादली ताजे शेण कालवून टाकावे. लिंबाच्या सालींचा ढीग, कांद्याची टरफले आणि नारळाचा काथ्या यात घालू नयेत. पहिल्यातील तेल जंतूंना मारते, उरलेली दोन वर तरंगून साय धरतात आणि ती साय फोडायला टाकी उघडावी लागते.