मोकळं होणं आणि उगाळत बसणं

कामावरून आल्यावर मैत्रिणीला फोन लावून दिवसभरातलं सगळं बाहेर काढलं, की बोलणारीला वाटतं, मोकळी झाले. तेच ते उगाळत बसलं तरी तिला तसंच वाटतं. फरक जाणवतो तो बाजूच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलाला.

मोकळं होण्याला शेवट असतो. "साहेबांनी सगळ्यांसमोर रिपोर्ट परत केला, फार लागलं मला. उद्या वेळ मागून बोलते." काय झालं, काय वाटलं, पुढे काय. पाच-दहा मिनिटांत आटोपतं. उगाळताना घटना तीच राहते, पण तिसऱ्यांदा सांगताना 'आज' जाऊन 'नेहमीच' येतं आणि रिपोर्ट बाजूला पडून साहेबांचा स्वभाव सुरू होतो. तो 'नेहमीच' तोंडात आला की थांबावं.

आपली फसगत का होते, ते मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांच्या 2002 मधल्या अभ्यासातून कळतं. शाळकरी मित्रमैत्रिणी एकमेकांच्या अडचणी पुन्हा पुन्हा चघळतात तेव्हा मैत्री घट्ट असते, पण नैराश्य आणि चिंतेची लक्षणंही जास्त दिसतात. जवळीक खरी असते, म्हणूनच हलकं झाल्यासारखं वाटतं.

आता ऐकणाऱ्याकडे वळू. 2010 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं, की फोनवरच्या बोलण्याची एकच बाजू कानावर पडली तर पूर्ण संवादापेक्षा लक्ष जास्त विचलित होतं. पुढे काय येणार ते मेंदूला ताडता येत नाही, म्हणून तो कान काढून घेत नाही. घरात याचा आणखी एक घोटाळा होतो. "सोडूनच देते ही नोकरी" हे मुलाला ऐकू जातं. "दर मार्चला हेच म्हणतेस" हे पलीकडचं हसणं जात नाही. मूल फीचा हिशेब करत बसतं. (स्पीकर लावणं हा उपाय नव्हे, पलीकडच्या मैत्रिणीला कोण ऐकतंय याचा पत्ताच नसतो.) फोन ठेवल्यावर, खरं असेल तर, एक वाक्य पुरतं: "रागात बोलले, नोकरी सोडत नाहीये." मोठ्यांचं भांडण मिटल्याचं कळलं की मुलांची घालमेल कमी होते, हे मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्स यांच्या संशोधनात दिसलं आहे; इथेही शेवट त्यांच्यापर्यंत पोचवणंच महत्त्वाचं.

ऑफिसात नुकसान आपलंच. एखाद्याला 'कामचुकार' म्हटलं, की ऐकणारा नकळत तो गुण बोलणाऱ्याला चिकटवतो. 1998 मध्ये प्रयोगांतून हे समोर आलं. नव्याने रुजू झालेल्याला तर अजून दोघांपैकी कुणाचंच काम माहीत नसतं.

जागा नीट निवडावी. जिन्यात आवाज घुमतो, आणि बाल्कनीत बोलणं म्हणजे खालच्या मजल्याला सांगणं. कान पूर्ण बंद करणारे इअरफोन घातले की स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून तो चढतो. एक कान मोकळा ठेवावा. सोसायटीबाहेर एक चक्कर मारत बोलणं सगळ्यात बरं. आणि सुरू करण्याआधी विचारावं: "दहा मिनिटं ऐकशील? सल्ला नकोय." समोरची म्हणाली "आज नको", तर विषय उद्यावर.