पार्श्वभूमी : 'पित्त झालंय' म्हणजे नेमकं काय?

मराठी घरात 'पित्त झालंय' एवढं म्हटलं की निदान तीन तक्रारी त्यात मावतात. छातीत जळजळ, उलटी झाल्याशिवाय न उतरणारी डोकेदुखी आणि अंगावर उठणाऱ्या गांधी. शाळेच्या पुस्तकातला पित्तरस चौथाच. तो यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो, स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतो आणि आंबट तर मुळीच नसतो.

हा घोळ अडाणीपणातून झालेला नाही. आयुर्वेदाच्या संहितेत पित्त तीक्ष्ण, उष्ण, पिवळं-निळं सांगितलंय आणि ते 'विदग्ध' म्हणजे अर्धवट पचलेलं झालं की आंबट होतं, असंही. पुढच्या ग्रंथांत आंबट ढेकरांचा आजार 'अम्लपित्त' म्हणून वेगळा मांडला गेला, गांधींना 'शीतपित्त' म्हटलं गेलं. मग पाश्चात्त्य वैद्यक मराठीत आणताना यकृतातल्या रसालाही तोच शब्द दिला. त्यालाही आधार होता; युरोपच्या जुन्या वैद्यकातही पिवळं पित्त हा देहातल्या चार रसांपैकी एक होता. पण एका मोठ्या कल्पनेचं नाव एका द्रवाला चिकटलं आणि जठरातल्या आम्लाच्या तक्रारीला घरगुती वेगळं नाव उरलं नाही. 'ॲसिडिटी' हा उसना शब्द तिथेच कामी आला.

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं हे १८२४ मध्ये दाखवलं गेलं. त्याच सुमारास, गोळी लागून पोटाला कायमचं भोक राहिलेल्या एका तरुणाच्या जठरात अमेरिकी लष्करी डॉक्टर अन्न दोऱ्याला बांधून सोडत होता. विसाव्या शतकात मात्र सगळा दोष आम्लाच्या माथी गेला : आम्ल नाही, तर जठरात व्रण (अल्सर) नाही.

१९७६ मध्ये ब्रिटनमध्ये आम्ल कमी करणारं नवं औषध आलं. जठराला आम्ल सोडायला लावणाऱ्या हिस्टामीन या शरीरातल्याच रसायनाला ते तिथे अडवत होतं. इथे मराठी शब्दाची बाजू घ्यावीशी वाटते, कारण अंगावरच्या गांधीही हिस्टामीनमुळेच उठतात. जळजळ आणि गांधी एका नावाखाली ठेवणाऱ्यांना हे ठाऊक असणं शक्य नव्हतं, तरी योगायोग छान आहे. दोन्हींवर आमसूल हा घरगुती उपायही एकच. तेही चवीला आंबट!

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला दोघा संशोधकांच्या प्रयोगशाळेत, ईस्टरच्या सुट्टीत जास्त दिवस राहून गेलेल्या बशीत जठरातला जिवाणू वाढला; व्रणामागे हाच असावा, असा त्यांचा संशय होता. दोन वर्षांनी त्या दोघांपैकी एकाने तो स्वतः पिऊन पाहिला आणि त्याच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. या जिवाणूमुळे झालेल्या व्रणावर प्रतिजैविकं द्यायची, हे आता नेहमीचं झालंय. घरात अजून 'तिखट खाऊन अल्सर झाला' असंच म्हणतात.

हिस्टामीन अडवणाऱ्या गोळ्यांपैकी आपल्याकडे घरोघरी पोचलेली रॅनिटिडीन २०२२ मध्ये देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीतून वगळली गेली. 'पित्ताची गोळी' हे नाव आता सकाळी रिकाम्या पोटी घ्यायच्या पॅन्टोप्राझोलला लागलंय. ती जठरातला आम्लाचा पंप बंद करते; पित्तरसाला हातही लावत नाही.